डागाच्या जागी नक्षी

ड्रेस विरतो, आखूड होतो, कुणाला तरी देऊन टाकला जातो. ओढणी मात्र मागे राहते, कारण सव्वादोन-अडीच मीटर चांगलं कापड हातून टाकवत नाही. अशा ओढण्यांचा एक गठ्ठा बहुतेक कपाटांच्या तळाशी असतो. त्याच गठ्ठ्यात सत्कारात मिळालेल्या शाली असतात, एखादं जुनं उपरणं असतं, लग्नात एकदाच बांधलेला फेटा असतो. पुण्यात तर स्कूटरवर तोंडाभोवती गुंडाळून उन्हाने विटलेले स्कार्फ घरटी दोन-तीन तरी निघतील. हे सगळं बोहारणीच्या गाठोड्यात जाण्याआधी त्यातले दोन-चार नग बाजूला काढा. घरचे पुरले नाहीत तर बुधवार-रविवारचा पुण्याचा जुना बाजार आहे, मैत्रिणींची कपाटं आहेत, सोसायटीत देणगीसाठी गोळा होणारे कपडे आहेत.

रंगकाम आणि भरतकाम शिकायला मी नव्या कापडापेक्षा जुनं कापडच घ्यायला सांगते, आणि त्याचं कारण पैशांची बचत एवढंच नाही. नव्या कापडात खळ असते, कारखान्यात दिलेला गुळगुळीतपणा असतो. तो नीट निघाला नाही तर रंग डागाडागांनी बसतो. जुन्या ओढणीची खळ कधीच निघून गेलेली असते, जेवढं आटायचं तेवढं कापड आटलेलं असतं, सूत मऊ झाल्याने सुई अडत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कोरं कापड समोर ठेवलं की नवखा माणूस नक्षी कुठे काढायची या विचारात अडकून पडतो. जुनं कापड ते आपणच सांगतं. खांद्यावर सेफ्टी पिनांनी पाडलेली भोकं, चहाचा डाग, एका टोकाला उडालेला रंग ही त्याची दुखणी आहेत, आणि नक्षीने तिथेच जायचं असतं. आधी कापड वाचायचं, मग रंग ठरवायचा, मग टाका.

कापड ओळखा

खरेदी करताना किंवा गठ्ठ्यातून निवडताना ओढणी उजेडाकडे धरा. जिथे सूत विरळ झालंय तिथून जास्त उजेड येतो. ओढणीच्या मध्यापासून वीतभर दोन्हीकडे आणि खांद्यावर येणाऱ्या भागात हे हमखास दिसतं. दोन्ही हातांनी कापड आडवं-उभं हलकेच ताणा. करकर आवाज येऊन सूत सुटत असेल तर ते कापड रंगवण्याच्या कामाचं नाही, त्याच्या चिंध्या अस्तराला वापरा. पुष्कळदा मधला भाग गेलेला असतो आणि दोन्ही टोकं ठणठणीत असतात. अशा ओढणीचे दोन चौकोनी रुमाल करा, मोह धरू नका.

मग तंतू कोणता ते ओळखायचं. ही पायरी ओलांडून केलेलं रंगकाम नशिबावर असतं. काठाजवळचे चार-पाच धागे ओढून काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत, पाण्याजवळ, काडी लावा. सुती धागा कागदासारखा भरकन जळतो, कागद जळल्याचाच वास येतो आणि मऊ करडी राख उरते. रेशीम आणि लोकर नाइलाजाने जळल्यासारखी जळतात, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला काळा मणी बोटांनी चुरडला जातो. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि त्याचा मणी थंड झाल्यावर खड्यासारखा कडक होतो. व्हिस्कोस किंवा रेयॉन सुतासारखंच जळतं आणि सुतासारखाच रंग घेतं, पण ओलं असताना फार नाजूक असतं, त्याला पिळू नका. मिश्र कापडात राखही मिळते आणि कडक कणही हाताला लागतात. अशावर रंग फिका बसेल हे धरूनच चालायचं.

पॉलिस्टर शिफॉन आणि जॉर्जेट घरच्या रंगांना दाद देत नाहीत. त्यासाठी वेगळे रंग आणि भरपूर उष्णता लागते, ते घरी करण्याचं काम नाही. सत्काराच्या बहुतेक शाली अ‍ॅक्रिलिकच्या असतात, त्यांचंही तेच. पण म्हणून त्या टाकू नका. त्यांचा मूळ रंग स्वीकारा आणि फक्त भरतकाम करा. मळखाऊ तपकिरी शालीवर जाड लोकरीच्या दोऱ्याने काढलेली चार मोठी फुलं फार सुरेख दिसतात.

मलमलचा जुना फेटा हा मात्र खजिना समजा. लांबच लांब, सुती, धुऊन मऊ झालेला. त्यातून तीन-चार स्टोल सहज निघतात.

धुणं आणि डाग

रंगवण्याआधी काठाला शिवलेली जरीची लेस, टिकल्या, आरसे उसवून काढा. गरम सोड्यात आणि हिराकशीत, म्हणजे लोखंडाच्या क्षारात, जर काळी पडते. पिकोकडेही बघा. पिको बहुधा पॉलिस्टरच्या दोऱ्याने केलेलं असतं आणि ओढणीला कोणताही रंग दिला तरी ते पांढरं राहतं. कधी ती पांढरी कड छान दिसते. नको असेल तर आधीच उसवा, नंतर रंगवलेल्या कडेला हाताने दुमड घालता येते.

सुती ओढणी 5 लिटर पाण्यात 5 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडी साबणाची पूड घालून अर्धा-पाऊण तास मंद उकळा. पाणी पिवळट होतं, तो आजवरचा घाम, तेल आणि सुगंधी फवारे. रेशमाला आणि लोकरीला सोडा कधीच नको, कोमट पाण्यात रिठे पुरे. रेशमाला ब्लीचिंगचं पाणीही लावू नका. त्याने रेशीम विरघळतं, अक्षरशः विरघळतं.

तेलाचा डाग भांड्याच्या साबणाने आधी चोळून काढा, नाहीतर तिथे रंग चढत नाही आणि डाग होता त्याहून ठळक होतो. हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की उडतो. आणि म्हणूनच हळदीने रंगवलेली ओढणीही टिकत नाही. तीच हळद, तेच ऊन. पिनेच्या गंजाचे ठिपके लिंबू आणि मीठ चोळून घालवा आणि नीट धुवा. पुढे हिरड्याच्या पाण्यात घालायची ओढणी असेल तर हे विसरू नका, कारण हिरड्यातलं टॅनिन आणि गंजातलं लोखंड मिळून काळी शाई तयार होते. पूर्वी शाई याच मेळातून करत. एखाद्या ओढणीवर गंजाचे ठिपके फारच असतील तर उलट विचार करा: हिरड्यात बुडवून ते मुद्दाम काळे होऊ द्या आणि त्या ठिपक्यांभोवती टाके घाला.

झाडपाल्याचे रंग

बीट, जास्वंद, पालक यांच्या रंगाचं कौतुक पुष्कळ होतं, पण ते रंग धुण्यात टिकत नाहीत. खात्रीने टिकणारे आणि आपल्याकडे सहज मिळणारे रंग म्हणजे डाळिंबाची साल, कांद्याची सालं, झेंडू, मंजिष्ठा, कात. यातला प्रत्येक पदार्थ आपल्या मातीतला आहे. डाळिंब सोलापूर-नाशिकचं, कांदा लासलगावचा, कात कोकणातल्या खैराचा. आणि या सगळ्यांच्या आधी लागणारा हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं गोळा करतात. काष्ठौषधीच्या दुकानात हिरड्याची पूड, तुरटी आणि मंजिष्ठा, तिन्ही एका फेरीत मिळतात.

सुती कापडाला वनस्पतीचा रंग नुसता लावला तर पकड धरत नाही. मधे दुवा लागतो. आपले रंगारी तो हिरडा आणि तुरटी या जोडीने साधत आले आहेत. हिरड्यातलं टॅनिन सुताला धरतं, तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम टॅनिनला धरतं आणि रंग त्या अ‍ॅल्युमिनियमला. ही साखळी डोक्यात ठेवली की कृती पाठ करावी लागत नाही.

पहिल्यांदा करताना डाळिंबाची साल घ्या. ती चुकांना पोटात घेते. सगळी मापं कापडाच्या कोरड्या वजनावर काढायची असतात, म्हणून स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा हवा. मलमलची ओढणी साधारण 100 ते 150 ग्रॅम भरते. खालची मापं 100 ग्रॅमसाठी आहेत.

20 ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवा, वरून कापड बुडेल आणि हलेल इतकं पाणी घाला. आधी साध्या पाण्यात भिजवलेली ओढणी त्यात रात्रभर ठेवा. सकाळी काढून पिळा आणि न धुता उन्हात वाळवा. ओढणीला सायीसारखी पिवळट झाक येईल. मग 15 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, पाणी कोमट झालं की ओढणी त्यात दोन-तीन तास ठेवा, मधूनमधून हलवा, आणि नंतर एकाच पाण्यातून हलकी काढा.

रंगासाठी डाळिंबाची वाळलेली साल कापडाच्या वजनाइतकी, म्हणजे 100 ग्रॅम. आदल्या रात्री भिजत घालायची, सकाळी तासभर मंद उकळायची आणि फडक्यातून दोनदा गाळायची. गाळण्यात कंटाळा केला तर सालीचा चुरा कापडाला चिकटतो आणि तिथे गडद ठिपके पडतात. गाळलेल्या रंगात ओली ओढणी सोडा, उकळी फुटू न देता पाऊण तास ठेवा, लाकडी काठीने सारखी वरखाली करत राहा, आणि गॅस बंद करून त्याच पाण्यात निवू द्या. मोहरीच्या फुलासारखा पिवळा मिळतो.

आता खरी मौज. कोमट पाण्यात 2 ग्रॅम हिराकस विरघळवा आणि ही पिवळी ओढणी त्यात दोन-तीन मिनिटं बुडवा. डोळ्यांदेखत पिवळ्याचा मेंदीसारखा गडद हिरवट-करडा होतो. अर्धीच ओढणी बुडवली तर एका टोकाला पिवळा, दुसऱ्याला मेंदी, आणि मधे दोन्ही मिसळलेला पट्टा. नुसता हिरडा दिलेली ओढणी हिराकशीत घातली तर राखाडीपासून काळ्यापर्यंत छटा मिळतात. हिराकस मात्र मापातच हवी. लोखंड जास्त झालं की सूत काही वर्षांत कुजतं, रेशीम तर त्याहून लवकर. बुडवल्यावर भरपूर पाण्याने धुवायचं.

मंजिष्ठेला मऊ आच लागते. उकळू दिलं की लाल मागे पडतो आणि तपकिरी पुढे येतो. पाण्यावर हात ठेवला तर चटका बसेल पण वाफेचे लोट नसतील, इतकंच तापवायचं. तुरटी दिलेल्या सुतावर विटकरी-गुलाबी आणि रेशमावर त्याहून उजळ रंग येतो. रेशमाला हिरड्याची गरज नाही, थेट तुरटी द्यावी. हिरडा दिला तर आधीच पिवळी झाक बसते आणि लाल मळकट दिसतो.

भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत सगळे रंग काळवंडतात. जे पातेलं रंगाला दिलं ते पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही, आणि हा नियम हिरडा-डाळिंबालाही लागू आहे, कारण त्यात हिराकसही येणार असते. पाण्याचाही रंगावर परिणाम होतो. बोअरवेलच्या जड पाण्यात पिवळे रंग मळतात, मंजिष्ठा मात्र त्यात खुलते. पावसाळ्यात पागोळीचं पाणी धरून ठेवता आलं तर फिक्या रंगांसाठी ते वापरा.

एक गोष्ट आवर्जून करा. ओढणीबरोबर पांढऱ्या सुती भरतकामाच्या दोन-तीन लड्या सैल बांधून त्याच रंगात सोडा. एक लडी पंधरा मिनिटांनी काढा, दुसरी शेवटी, तिसरी हिराकशीतून काढा. पुढे भरायला एकाच कुळातले तीन दोरे तयार. दुकानातल्या दोऱ्यांच्या खोक्यात असा मेळ शोधून सापडत नाही. उरलेल्या पाण्यातही बराच रंग असतो, त्यात दुसरा रुमाल घातला तर फिकी छटा मिळते.

तयार रंग

गर्द निळा, जांभळा, चकचकीत गुलाबी हवा असेल तर तयार रंगांकडे जावं लागतं. सुती आणि व्हिस्कोसला रिअ‍ॅक्टिव्ह रंग घ्या. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीने 1956 साली ‘प्रोसियन’ नावाने ते बाजारात आणले. हे रंग सुताशी रासायनिक बंध धरतात, म्हणून धुण्यात टिकतात. रंगाच्या दुकानात ‘कोल्ड ब्रँड’ म्हणून मागा. त्यांना चुलीची गरज नसते. किराणा दुकानातल्या छोट्या पुड्यांचे रंग सहसा गरम पाणी आणि मीठ मागतात आणि प्रत्येक धुण्यात थोडे थोडे जातात.

100 ग्रॅम कापडाला 2 ते 3 ग्रॅम रंग, 3 लिटर कोमट पाणी, 150 ग्रॅम मीठ, 30 ग्रॅम धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा इथे चालत नाही. रंग आधी चमचाभर पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग मोठ्या पाण्यात घाला. ओली ओढणी सोडून पाच मिनिटं हलवा, मग मीठ तीन हप्त्यांत, पाच-पाच मिनिटांनी. वीस मिनिटांनी ओढणी बाजूला करून, वेगळ्या पाण्यात विरघळवलेला सोडा घाला. सोडा थेट कापडावर पडला तर तिथे डाग उठतो. तासभर ठेवा, पहिली वीस मिनिटं हात थांबवू नका. मग थंड पाण्यातून दोन-तीनदा काढून शेवटी कडक गरम साबणाच्या पाण्यात धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. बंध न धरलेला रंग या गरम धुण्यातच निघतो. तो आज काढला नाही तर उद्या कुर्त्याच्या गळ्याला लागतो.

या रंगांची पूड श्वासात जाऊ देऊ नका. ती दम्याला कारण होऊ शकते. पंखा बंद, नाकावर मास्क, हातात रबरी मोजे, आणि लहान मुलं दुसऱ्या खोलीत.

रेशीम-लोकरीसाठी अ‍ॅसिड रंग आणि व्हिनेगर. पाणी हळूहळू तापवायचं आणि हळूहळूच निवू द्यायचं. लोकरीला गरमातून एकदम गारात टाकलं की ती आटून घट्ट होते, शालीचा रुमाल होतो.

जुना रंग खाली राहू द्या

आधीच रंगीत असलेल्या ओढणीवर नवा रंग त्याच्याशी मिसळूनच दिसणार. पिवळीवर निळा दिला तर हिरवा मिळेल, गुलाबीवर निळा दिला तर जांभळा. गडदावर फिका कधीच चढत नाही. जुना रंग पूर्ण काढून टाकण्यासाठी ‘हायड्रो’ वापरतात, पण मी नवख्यांना त्या वाटेला जायला सांगत नाही. त्याचा उग्र दर्प घरात राहतो आणि सूतही दमतं. शिवाय जुना रंग हीच तर या कामातली गंमत आहे.

तो दाखवायचा सोपा मार्ग बांधणीचा. विटक्या गुलाबी ओढणीत हरभऱ्याचे दाणे ठेवून दोऱ्याने आवळून बांधा आणि निळ्यात बुडवा. दोरा सोडला की प्रत्येक गाठीच्या जागी जुन्या गुलाबीचं वर्तुळ उमटलेलं असतं, बाकी सगळं जांभळं. कोऱ्या पांढऱ्या कापडावर हा दोन रंगांचा खेळ एका बुडवण्यात साधत नाही. मोठी वर्तुळं हवी असतील तर गोट्या घ्या, बारीक हवी असतील तर मसूर. ओढणी तिरकी गुंडाळून ठरावीक अंतरावर बांधली तर राजस्थानी लहरियासारखे तिरके पट्टे येतात. बांधताना दोरा इतका आवळा की बोटाला वळ उठावेत. सैल गाठीखाली रंग शिरतो. उसवण्याची घाई नको, ओढणी धुऊन पूर्ण वाळली की गाठी सोडा.

छापील ओढणीवर राखाडी किंवा निळा रंग दिला तर मूळ फुलं सावलीसारखी खाली राहतात. पुढे भरायला नक्षी छापायचीही गरज नाही, त्याच फुलांच्या कडेने दोरा फिरवा.

टाके

साडीच्या पदराची मागची बाजू कुणाला दिसत नाही. स्कार्फ मात्र वाऱ्याने उलटतो, गळ्याभोवती पिळला जातो, त्याच्या दोन्ही बाजू दिसतात. म्हणून इथे मागून गाठींचं जंजाळ चालत नाही. सुरुवातीला गाठ मारू नका. दोन इंच दोरा मोकळा सोडा आणि शेवटी तो टाक्यांखालून ओवून घ्या. एका फुलावरून लांबच्या फुलाकडे मागून दोरा ओढत नेऊ नका, तोडा आणि नव्याने सुरू करा.

दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी भरतकामं आपल्या देशात थोर परंपरेची आहेत. हिमाचलातल्या चंबा रुमालाचा टाका दोरुखाच म्हणवतो, म्हणजे दोन तोंडांचा. आपल्याला जवळची कसुती. धारवाडकडची ही कला इरकली साडीबरोबर सोलापूर-कोल्हापुरातही घरोघरी ओळखीची आहे. तिच्यातला ‘गवंती’ म्हणजे धावदोरा घालत जायचं आणि परतताना त्याच भोकांतून रिकाम्या जागा भरत यायचं. पुढून-मागून एकच रेघ. कसुती सूत मोजून करतात, त्यामुळे जाडसर विणीच्या खादी स्टोलवर ती जमते. मलमलवर सूत मोजता मोजता डोळे दुखतील.

नवख्यांनी साध्या धावदोऱ्यानेच सुरुवात करावी. बंगालची कांथा दुसरं काय आहे? जुन्या साड्या-धोतरं एकावर एक ठेवून, काठातून उसवलेल्या दोऱ्याने, धावदोऱ्याने शिवलेली. आपली गोधडीही तीच. विरलेल्या जागेवर मागून दुसऱ्या ओढणीचा तुकडा ठेवा आणि तो धावदोऱ्याच्या जवळजवळच्या ओळींनी जोडा. कापड बळकट होतं, ओळींमधे हलकी सुरकुती उठते आणि ठिगळ ही नक्षी होऊन बसते. तुकड्याचा आकार चौकोनी ठेवायचं बंधन नाही. पानाचा, माशाचा, चंद्रकोरीचा कापा.

पिनेची भोकं फार बारीक असतात, त्यांच्यावर गाठीचा टाका घाला. एकाच ठिकाणी तीन-चार भोकं असतील तर गाठींचा पुंजका होतो, त्याला दांडी टाक्याने देठ काढले की मोहर दिसतो. कसर लागून लोकरी शालीला पडलेल्या मोठ्या भोकाच्या कडेने काज टाका जवळजवळ घाला, भोक तसंच राहू द्या. त्याचं फूल होतं. डागावर साखळी टाक्याची वळणं चढवा. एक डाग झाकून भागत नाही. एकटी नक्षी डागाची चहाडी करते, म्हणून तशाच आणखी दोन-तीन नक्ष्या निरोगी जागीही हव्यात, अंतर थोडं कमी-जास्त ठेवून.

भरतकामाच्या सुती लडीत सहा पदर असतात. मलमलवर एक किंवा दोन पदर घ्या, खादीवर तीन, शालीवर सहाही चालतील. दोरा बोटांपासून कोपरापर्यंत लांब पुरे, त्याहून लांब घेतला तर घासून त्याचं तेज जातं. रिंग लहान, पाच-सहा इंचांची बरी. तिच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली तर जुन्या कापडावर वळ उठत नाहीत. काम ठेवताना रिंग काढून ठेवा. निसटत्या शिफॉनच्या मागे बटर पेपर टाचून त्यासकट भरा आणि शेवटी कागद फाडून काढा.

लाल, काळा आणि गर्द निळा दोरा भरण्याआधी तपासायचाच. कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबा. डाग उमटला तर तो दोरा या कामाला नको. मीठ किंवा व्हिनेगर लावून तो पक्का होईल या भरवशावर राहू नका.

क्रम उलटा करूनही पाहण्यासारखा आहे. सुती ओढणीवर पांढऱ्या पॉलिस्टर दोऱ्याने आधी भरा आणि मग रिअ‍ॅक्टिव्ह रंगात बुडवा. कापड रंगतं, दोरा पांढराच राहतो. सुती दोऱ्याने भरून बुडवलं तर नक्षी कापडाच्याच रंगाची होते, फक्त उठाव दिसतो. गडद निळ्यावर निळंच भरतकाम मला सगळ्यांत देखणं वाटतं.

शेवटी टोकं. जाडसर सुती कापड असेल तर टोकाचे आडवे धागे दोन इंच उंचीपर्यंत ओढून काढा आणि उभ्या धाग्यांच्या आठ-आठच्या जुड्या करून गाठी मारा. उपरण्याच्या दशा असतात तशाच. मलमलला हे झेपत नाही; तिला बारीक दुमड घालून तुरपाई करा आणि घरीच रंगवलेल्या लडीचे गोंडे कोपऱ्यांना लावा.

प्रत्येक कामाची नोंद वहीत ठेवा: कापडाचं वजन, पदार्थाचं माप, पाणी नळाचं की बोअरचं, किती वेळ. शेजारी त्याच कापडाची छोटी चिंधी टाचा. तीच छटा पुन्हा हवी असेल तेव्हा ही वहीच कामी येते.

पहिली तीन धुणी वेगळी करा. झाडपाल्याच्या रंगांना वडीचा साबण नको, रिठे किंवा सौम्य द्रव साबण. वाळत घालायचं सावलीत, उलट्या बाजूने. इस्त्री मागून, खाली जाड टॉवेल ठेवून, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. काही वर्षांनी रंग उतरला तर भरतकामासकट ओढणी पुन्हा हिरडा-तुरटीतून काढून रंगवता येते. सुती टाकेही तेव्हा रंग घेतील, म्हणून त्या वेळी आधीपेक्षा गडद रंग निवडा.